पुश ईमेल : स्वरूप व योजना

कार्यालयाचे पत्र सर्व्हरवर येताक्षणीच ते कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर दिसावे, या सोयीस ‘पुश ईमेल’ अशी संज्ञा आहे. सर्व्हर पत्र पुढे ढकलतो व मोबाइल ते केवळ स्वीकारतो, असे चित्र या नावामुळे मनात उभे राहते. ते यथार्थ नाही. आणि ही सोय बसविताना होणाऱ्या पुष्कळ चुकांचे मूळ याच समजुतीत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मोबाइल कंपनीच्या जाळ्यात असंख्य यंत्रे बहुधा एकाच सार्वजनिक पत्त्याआड असतात. त्यांपैकी एखाद्याशी बाहेरील सर्व्हरने आपण होऊन संपर्क साधावा, हे सामान्यतः शक्य नसते. म्हणून संपर्काचा आरंभ यंत्रासच करावा लागतो. ही अडचण दोन मार्गांनी सोडविण्यात आली.

पहिला मार्ग कॅनडातील रिसर्च इन मोशन या कंपनीच्या ब्लॅकबेरीचा (१९९९). ग्राहकसंस्थेच्या कार्यालयातील एक स्वतंत्र सर्व्हर टपालपेटीवर लक्ष ठेवी आणि आलेले पत्र कूटबद्ध करून ३१०१ क्रमांकाच्या पोर्टातून कंपनीच्या मध्यवर्ती केंद्राकडे पाठवी. तेथून ते मोबाइलवर जाई. कूटलेखनाची किल्ली संस्थेचा सर्व्हर व मोबाइल यांच्यापाशीच असे. २०१० साली भारत सरकारने संदेश वाचण्याची सोय मागितली, तेव्हा कंपनीने हेच कारण पुढे केले. मात्र मध्यस्थ आला की त्याचे दुखणेही आले. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रातील बिघाडामुळे युरोप, आफ्रिका व भारतासह अनेक प्रदेशांतील सेवा काही दिवस विस्कळीत झाली. जुन्या ब्लॅकबेरी यंत्रांच्या सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाल्या.

दुसरा मार्ग अधिक मौजेचा आहे. मायक्रोसॉफ्टने २००५ साली एक्सचेंज २००३ च्या दुसऱ्या सुधारणासंचात तो आणला. यात मोबाइल नेहमीच्या ४४३ पोर्टातून सर्व्हरला विचारतो, ‘अमुक मिनिटांत काही नवे आले तर सांग.’ सर्व्हर उत्तर देतच नाही. प्रश्न हाती धरून बसतो. पत्र आले की तत्काळ ‘आले’ म्हणतो, मग यंत्र ते पत्र मागून घेते. मुदत संपली तर ‘काही नाही’ असे उत्तर येते आणि प्रश्न पुन्हा पाठविला जातो. म्हणजे येथे ढकलणे नाहीच. लांबविलेले उत्तर आहे. आयमॅप पद्धतीतील १९९७ चा ‘आयडल’ हा आदेशही याच कुळातला. तो किमान दर २९ मिनिटांनी नव्याने द्यावा, अशी त्याच्या विनिर्देशात सूचना आहे.

एवढे ध्यानी आले म्हणजे योजनेतील कळीची जागा सापडते. ती मोबाइलमध्ये नाही, वाटेवरील फायरवॉलमध्ये आहे. बराच वेळ निःशब्द राहिलेली जोडणी मृत समजून तोडावयाची, हा फायरवॉलचा धर्म. आणि निःशब्द राहणे हा तर या पद्धतीचा प्राण. मुदत ३० मिनिटांची असेल तर दिवसाला ४८ प्रश्न पुरतात. फायरवॉल ४ मिनिटांतच जोडणी तोडत असेल, तर यंत्र आपली मुदत आखडती घेते व प्रश्नांची संख्या किमान ३६० होते. दर ५ मिनिटांनी पेटी तपासणाऱ्या जुन्या पद्धतीत ती २८८ च असते! बॅटरी लवकर संपते, आणि दोष मात्र मोबाइलवर येतो. फायरवॉलने जोडणी गुपचूप तोडली तर प्रकार याहून वाईट होतो. यंत्र वाट पाहत राहते आणि पत्रे अर्ध्याअर्ध्या तासाने घोळक्याने येतात. म्हणून पत्रसर्व्हरकडे जाणाऱ्या जोडण्यांपुरती निष्क्रियतेची मर्यादा ३० मिनिटांपर्यंत वाढवावी.

खाते जोडताना बहुतेक जण न वाचताच संमती देतात, ती मोबाइल दुरून पुसण्याच्या अधिकाराची. यंत्र हरवल्यास हा अधिकार आवश्यकच आहे. परंतु मूळ आज्ञेने सारा मोबाइल कोरा होतो. त्यात कर्मचाऱ्याची घरगुती छायाचित्रेही गेली. अलीकडील आवृत्त्यांत केवळ खात्यातील मजकूर पुसता येतो. यंत्र कर्मचाऱ्याच्या मालकीचे असेल तेथे हीच आज्ञा वापरावी, आणि तसे त्यास आधी लेखी कळवावे.

योजना पूर्ण झाल्यावर चाचणी घ्यावयाची ती घाईने नव्हे. मोबाइल वीस मिनिटे न हाताळता ठेवावा, मगच त्यावर पत्र पाठवावे. ही चाचणी कार्यालयाच्या वायफायवर एकदा व मोबाइल कंपनीच्या जाळ्यावर एकदा, अशी दोनदा घ्यावी. कारण दोहोंच्या वाटेवरील फायरवॉल निराळे असतात.