सुरीची पाठ बोटाला टोचते तेव्हा

भाजी चिरताना तर्जनीच्या मुळाशी घट्टा पडला, की बोल धारेला लावला जातो. दोष बहुधा पात्याच्या पाठीचा असतो. अनेक सुऱ्यांच्या पाठीच्या कडा काटकोनीच सोडलेल्या असतात आणि पाते चिमटीत धरणाऱ्याच्या बोटाला त्या सतत टोचतात.

या कडा घरीही गोलसर करता येतात. धारेवर जाड चिकटपट्टी लावून, लाकडाच्या दोन तुकड्यांमध्ये पाते धरून सुरी पाठ वर ठेवून व्हाइसमध्ये आवळावी. २२० नंबरच्या पॉलिशपेपरची अरुंद पट्टी, बुटाला चकाकी आणताना फडके ओढतात तशी, पाठीवरून ओढावी. मग ४०० आणि ६०० नंबरची. मुठीलगतचे दोन इंच पुरेत. ग्राइंडरचा मोह मात्र टाळलेला बरा. पातळ पोलाद क्षणात तापते. त्यावर निळसर झाक आली, की पात्याचे पाणी उतरले म्हणून समजावे. मग धार टिकत नाही.

लाकडी मूठ घासताना ती वरचेवर हातात धरून पाहावी. गेलेले लाकूड परत येत नाही. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. तेलाची चिंधी चुरगळून टाकू नये, ती आपोआप पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवावी.