समुद्र लांब, पाऊस दारात

१ सप्टेंबर २०२४ चा रविवार हिंगोली जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी हिंगोली, परभणी, नांदेड या तिन्ही जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली. कयाधू पात्राबाहेर आली, सोयाबीन पाण्याखाली गेले, हळदीच्या सऱ्यांमधून लोंढे वाहिले. हा पाऊस इथे तयार झालेला नव्हता. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन तीव्र झाले, ३१ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या सुमारास आंध्र किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर चढले आणि तेलंगण-विदर्भाच्या दिशेने सरकले. ते ठिकाण हिंगोलीपासून सरळ रेषेत सातशे किलोमीटरहून लांब आहे.

आपल्या भागातल्या अनेकांनी समुद्र पाहिला तो मुंबईला हाजी अलीला गेल्यावर, तेवढाच. त्यामुळे सरकार समुद्रात यंत्रे सोडते त्याचा आपल्याला काय उपयोग, असे वसमतच्या मोंढ्यात कोणी विचारले तर नवल नाही. पण ज्या पावसावर आपली पेरणी, घरातली लग्ने आणि दुकानाची उधारी अवलंबून असते, तो पाऊस समुद्रच पाठवतो. 'मान्सून' हा शब्दसुद्धा अरबी 'मौसिम'वरून आलेला आहे. अरब खलाशी याच वाऱ्यांचे दिवस मोजून आपल्या किनाऱ्याला लागत. पंधराव्या शतकातील नाविक अहमद इब्न माजिद यांनी हे नौकानयनाचे ज्ञान ग्रंथात नोंदवून ठेवले. ते काम आज पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या संस्था करतात.

हैदराबादला महासागर माहिती सेवेचे राष्ट्रीय केंद्र, 'इन्कॉईस', १९९९ पासून आहे. रत्नागिरीकडच्या दालदी मच्छीमारांना मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे हे कळवणे, त्सुनामीचा इशारा देणे ही त्याची कामे किनाऱ्यावर सर्वांना माहीत आहेत. आपल्या उपयोगाचे काम कमी दिसते. समुद्रात 'आर्गो' नावाची लांबट नळकांडी तरंगत असतात. ती दोन हजार मीटर खोल जातात, साधारण दहा दिवसांनी वर येतात आणि खालच्या पाण्याचे तापमान, क्षारता उपग्रहाकडे पाठवून पुन्हा बुडी मारतात. जगभरात अशी सुमारे चार हजार नळकांडी आहेत. ही माहिती पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील महासंगणकाला पुरवली जाते, कारण समुद्र किती आणि किती खोलवर तापला आहे हे कळल्याशिवाय पुढच्या महिन्यांचा पाऊस सांगता येत नाही. २०२३ मध्ये पॅसिफिक महासागर तापला, म्हणजे 'एल निनो' आला, आणि त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मराठवाड्यात तेव्हा सोयाबीन फुलांवर असताना माना टाकत होते.

तरीही एप्रिलमध्ये जाहीर होणारा अंदाज ऐकून कोणी बियाणे घेऊ नये. तो साऱ्या देशाचा, चार महिन्यांचा सरासरी अंदाज असतो. सेनगाव तालुक्यातल्या एका शिवाराला त्यातून काहीच कळत नाही. आपल्या कामाचा अंदाज असतो तो पुढच्या पाच दिवसांचा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो पीकसल्ल्यासह निघतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, हे कृषी विद्यापीठ दर वर्षी सांगते. पहिल्या सरीवर पेरून दुबार पेरणीची पाळी आलेल्या घराला त्याची किंमत सांगायला नको. बियाणे, खत आणि मजुरी दोनदा जाते, आणि बरेचदा त्याच हंगामात मुलांची फीही भरायची असते.

"खात्याने पाऊस सांगितला आणि थेंब पडला नाही" ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. कधी ती खरी असते. पण पुष्कळदा अंदाजातली भाषाच आपण नीट वाचलेली नसते. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे विभागातल्या फार तर पाव भागात. 'काही ठिकाणी' म्हणजे अर्ध्यापर्यंत, 'अनेक ठिकाणी' म्हणजे पाऊण भागापर्यंत, आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याहून जास्त. तेव्हा तुरळक पाऊस सांगितलेल्या दिवशी चारातली तीन गावे कोरडी राहिली तर अंदाज चुकला नाही. हे चार शब्द दहावीच्या पुस्तकात असायला हवे होते, असे मला वाटते.

भूकंपाचे मात्र वेगळे आहे. २१ मार्च २०२४ च्या सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी आणि पुन्हा १० जुलैला जिल्हा हादरला, दोन्ही वेळा तीव्रता ४.५ होती. नोंद याच मंत्रालयाच्या भूकंपशास्त्र केंद्राने केली. पण भूकंप कधी होणार हे जगात कोणालाच आधी सांगता येत नाही. तारीख देणारा व्हॉट्सअॅप संदेश पुढे पाठवू नये.

अंदाजाचा सर्वांत रोकडा फायदा हळदीत आहे. काढणी झाली की हळद कुकरमध्ये शिजवतात, मग पंधरा-एक दिवस उन्हात वाळवतात, त्यानंतर ढोलात घालून पॉलिश. शेतकऱ्याचे वर्षभराचे उत्पन्न ते दोन आठवडे उघड्यावर पडलेले असते. आणि नेमके तेच दिवस, फेब्रुवारी ते एप्रिल, अवकाळीचे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट महाराष्ट्र विसरलेला नाही. शिजवलेले हळकुंड भिजले की रंग जातो, बुरशी धरते, आणि मोंढ्यात भाव पाडून मागतात. दोन दिवस आधी इशारा कळला तर शिजवणे पुढे ढकलता येते, ताडपत्री आणून ठेवता येते. एवढ्यानेसुद्धा माल वाचतो.

विजेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे, कारण तिथे माणूस जातो. मराठवाड्यात जूनच्या तोंडाला आणि परतीच्या पावसात, दुपारनंतर, वीज पडते, आणि त्याच वेळी बायका खुरपणीला किंवा सोयाबीन काढणीला रानात असतात. पुण्याच्या त्याच संस्थेने 'दामिनी' नावाचे मोफत अॅप केले आहे. आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज कुठे पडते आहे हे ते दाखवते. फोन नसेल तर आकडे मोजा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंद झाले नाहीत, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात जावे. झाडाखाली कधीच नाही. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात विद्युतप्रवाह शिल्लक राहत नाही, त्याला हात लावायला घाबरू नये. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करावी. पुरायचे, शेण लिंपायचे प्रकार करून वेळ घालवू नये.

इथे एक नाजूक गोष्ट सांगायलाच हवी. वीज पडून मृत्यू झाल्यास राज्य सरकार वारसांना चार लाख रुपये देते. त्यासाठी पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. दफन लवकर व्हावे या ओढीने आपल्याकडे काही कुटुंबे शवविच्छेदन टाळतात. ती भावना समजण्यासारखी आहे. पण मागे राहिलेल्या बेवा आणि यतीम मुलांचा हक्क त्यात बुडतो. तलाठ्याला कळवून त्याच दिवशी हे काम उरकता येते.

मग अडते कुठे? अंदाज फोनवर येतो आणि फोन बहुधा घरातल्या पुरुषाच्या किंवा पुण्याला कामाला गेलेल्या मुलाच्या खिशात असतो. रानात वाकलेल्या बाईपर्यंत तो पोहोचत नाही. देशभरात कृषी विज्ञान केंद्रांमध्ये हवामान सल्ल्यासाठी १९९ जिल्हा पातळीवरचे विभाग उघडले होते, ते २०२४ मध्ये बंद झाले. महासंगणकावर कोट्यवधी खर्च करायचे आणि शेवटच्या माणसाशी बोलणारा विभाग बंद करायचा, हा हिशेब काही समजत नाही.

तोवर गावात जे आहे ते वापरता येईल. मशिदीच्या भोंग्यावरून जनाजाची वेळ सांगितली जाते, हरवलेल्या मुलाची खबर दिली जाते. लाल किंवा नारंगी इशारा असेल तर दोन वाक्ये त्यावरून का सांगू नयेत? ग्रामपंचायतीच्या आणि मंदिराच्या भोंग्यावरूनही तेच सांगता येईल, वीज नाव विचारून पडत नाही. गावातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलीकडे हे काम सोपवावे. 'मेघदूत' अॅपवर मराठीतून तालुक्याचा अंदाज असतो, तो वाचून दाखवायला पाच मिनिटेही लागत नाहीत. विद्यापीठाचे आठवड्यातले दुसरे पत्रक शुक्रवारी निघते, आणि जुम्याला गाव जमलेलेच असते.