उरलेलं सगळंच जनावराला चालतं का? बीटचा चोथा, मोसंबीची सालं आणि गाईचं पोट



आजचा पाठ माझ्याच एका चुकीतून निघाला आहे. 'अन्न वाया घालवू नये' हे शिकवताना मी मुलांना सांगितलं होतं, "उरलेलं फेकू नका, जनावरांना घाला." पुढे गावात भंडारा झाला. चौथीतल्या एका मुलाने उरलेला भात आणि बुंदी बादलीभर घरी नेली आणि गाईपुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. गाय बसली ती उठेना, पोट फुगलेलं, रवंथ बंद. जनावरांचे डॉक्टर वेळेवर आले म्हणून गाय वाचली, पण दूध आटलं. त्या घराचा रोजचा खर्च त्याच दुधावर चालायचा. मुलगा मला म्हणाला, "मॅडम, तुम्हीच तर सांगितलं होतं ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आधी मी शिकले, मग वर्गाला शिकवलं. तेच इथे मांडते.

गाईच्या पोटात काय चालतं?

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. त्यातलं कोटीपोट सगळ्यात मोठं. ते म्हणजे एक आंबवण्याची टाकीच समजा. तिथे कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात. कडब्यातला जो तंतू आपल्याला पचत नाही, तो हे जीव हळूहळू फोडतात आणि त्यातून गाईला ताकद मिळते. म्हणजे आपण चारा गाईला घालतो, पण तो आधी खातात हे सूक्ष्मजीव.

भात, पोळी, पीठ, बुंदी हे पदार्थ मात्र तिथे फार झपाट्याने आंबतात. एकदम जास्त गेले की लॅक्टिक आम्ल वाढतं, कोटीपोट आंबट होतं आणि तंतू फोडणारे जीव मरू लागतात. जनावर चारा सोडतं, रवंथ थांबते. याला आम्लधारी अपचन किंवा ॲसिडोसिस म्हणतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर जनावर दगावतं.

मग बीटचा चोथा कसा चालतो?

युरोपात साखर मोठ्या प्रमाणावर शुगर बीट या कंदापासून काढतात. बीटमध्ये साखर आहे हे जर्मन शास्त्रज्ञ मारग्राफ यांनी १७४७ मध्ये दाखवलं. कारखान्यात बीटच्या बारीक फोडी करून गरम पाण्यात साखर उतरवून घेतात. मागे उरतो तो चोथा. तो दाबून, वाळवून गाई-घोड्यांना घालतात. शंभर किलो बीटमागे असा वाळलेला चोथा साधारण ५ ते ६ किलो मिळतो.

मुलं लगेच विचारतात, "मग उसाचं चिपाड का नाही घालत?" प्रश्न बरोबर आहे. दोन्ही साखर काढून उरलेलेच. पण ऊस म्हणजे उभं राहणारं खोड. त्याला ताठ ठेवायला लिग्निन नावाचा लाकडासारखा कठीण घटक असतो आणि तो सूक्ष्मजीवांनाही फोडता येत नाही. म्हणून चिपाड बहुतेक कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळतं. बीट हा जमिनीत वाढणारा मऊ कंद. त्यात लिग्निन कमी आणि पेक्टिन भरपूर. पेक्टिन लवकर पचतं, तरी भातासारखं लॅक्टिक आम्ल वाढवत नाही. म्हणून हा चोथा ताकदही देतो आणि पोटही सांभाळतो. अर्थात तो एकटा पूर्ण आहार नाही. त्यात फॉस्फरस कमी असतो, सोबत चारा आणि खनिज मिश्रण लागतंच.

आपल्या जालन्यातला बीटचा भाऊ

हसनाबादच्या बाजारात बीटचा चोथा मिळणार नाही. पण आपला जिल्हा मोसंबीचा आहे. मोसंबीच्या सालीतला पांढरा भाग आणि रस काढलेला चोथा यांतही पेक्टिनच भरपूर असतं. ब्राझीलसारख्या देशात संत्र्याचा असा चोथा वाळवून पशुखाद्य म्हणून विकतात.

ज्यूसच्या गाड्यावरची सालं आणणार असाल तर एवढं पाळा:

- सालं ताजी हवीत. बुरशी आलेली अजिबात नको.
- स्ट्रॉ, पिशव्या, प्लास्टिकचे ग्लास निवडून काढा.
- पहिल्या दिवशी मूठभर, मग आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. पोटातल्या जीवांना नव्या खाद्याची सवय व्हायला वेळ लागतो.
- कडब्याच्या जागी नाही, कडब्यासोबत घाला.

घोड्याचं गणित वेगळं

माळेगावच्या किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पाहिलेली मुलं विचारतात, "घोडा रवंथ करतो का?" नाही करत. त्याला कोटीपोट नसतं. त्याचा चारा मागच्या मोठ्या आतड्यात आंबतो. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. वाळलेला बीटचा चोथा पाणी पिऊन चांगलाच फुगतो, आणि घोड्याने तो कोरडा घाईने खाल्ला तर घशात अडकू शकतो. म्हणून घोड्याला तो भिजवूनच देतात. भिजवलेला चोथा उन्हाळ्यात लवकर आंबतो, त्यामुळे लागेल तेवढाच भिजवायचा.

वर्गात करून बघा

मुलांना घरच्या जनावरांचं खाद्य लिहून आणायला सांगा. फळ्यावर दोन रकाने करा: 'तंतूचं' आणि 'पिठाचं-गोडाचं'. कडबा, गवत, सोयाबीनचं भुसकट पहिल्यात. भात, पोळी, मक्याचा भरडा, गूळ दुसऱ्यात. मोसंबीचं साल कुठे लिहायचं यावर वाद होऊ द्या. आमच्या वर्गात अर्धा तास झाला!

आता माझं जुनं वाक्य मी बदललंय. 'उरलेलं जनावरांना घाला' असं मी म्हणत नाही. 'आधी आपल्या ताटात लागेल तेवढंच घ्या, आणि जनावराला काही नवं घालायच्या आधी घरच्या मोठ्यांना विचारा' असं सांगते. पालकहो, भंडारा किंवा लग्नानंतर गोठ्याकडे जरा लक्ष ठेवा. जनावराने जास्त भात-पोळी खाल्ल्याचं कळलं तर पोट फुगायची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा.

हे वाक्य पहिल्यांदा मी त्या मुलालाच फळ्यावर लिहायला लावलं. त्याने मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली स्वतःहून गाईचं चित्र काढलं.