पाय का घसरतो?

दसरा सरला की शिरूर कासार तालुक्यातील वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. कोयता व संसाराचे गाठोडे घेऊन नवराबायको ऊसतोडीस जातात. घरी उरतात ती आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी नातवंडे. या हंगामात पडण्याचे भय दोन्हीकडे असते: तिकडे फडात, इकडे उंबरठ्यात.

उसाची मोळी तीस-चाळीस किलोंची असते. ती डोक्यावर घेऊन मजूर अरुंद फळीवरून मालमोटारीत चढतो. माथ्यावरील ओझ्याने शरीराचा गुरुत्वमध्य उंचावतो. म्हणून पाऊल किंचित वाकडे पडले तरी तोल सावरण्यास अवकाश उरत नाही. त्यातून गाडी पुष्कळदा रात्री-अपरात्री येते, फळीला दव व चिखल लागलेला असतो आणि अंग तोडणीने शिणलेले असते. अशा वेळी नुसते 'जपून चढ' म्हणणे म्हणजे, माझ्या मते, अपघाताचे खापर आधीच मजुराच्या माथी फोडणे होय. फळी रुंद असावी, तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकाव्यात, ती हलणार नाही अशी बांधावी, उजेड असावा. पालकांनी हे मुकादमाकडे मागण्यात कसलाही कमीपणा नाही.

आता घराकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात. त्यांत साठी ओलांडलेली सर्वांत अधिक. 'वय झाले, पडायचेच' असे आपण म्हणतो, ते खरे नव्हे. मोतीबिंदूमुळे पायरी दिसत नाही, रक्तदाबाच्या वा झोपेच्या औषधाने उठताना घेरी येते, मांड्यांचे स्नायू क्षीण होतात; आणि यांतील बहुतेकांस उपाय आहे. एकदा पडलेली आजी भीतीने बाजेवरून उठेनाशी होते, न चालल्याने पाय आणखी दुबळे होतात व ती पुन्हा पडते. म्हणून तिला बसवून ठेवू नये. कोणी जवळ असताना तिने रोज काही वेळा उठबस करावी, भिंतीच्या आधाराने तोल सांभाळण्याचा सराव करावा. अशा व्यायामाने पडणे कमी होते, हे शास्त्रीय अभ्यासांत दिसून आले आहे.

विद्यार्थी मित्रहो, आईवडील फडावर असता घरचे कर्ते तुम्हीच. मोरीतील शेवाळ घासून काढा, रात्री वाटेत दिवा ठेवा, दप्तर उंबरठ्यात टाकू नका (हे वर्गातही सांगून मी थकलो आहे!). आजी पडलीच, तर तिला ओढून उठवू नका. खुब्यात कळ असेल किंवा पाय आखूड, वळलेला दिसेल, तर हाड मोडल्याचा संभव असतो. तिला न हलविता शेजाऱ्यांस हाक मारा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. लागले नसले तरी डॉक्टरांस व आईवडिलांस कळवा. कारण पुष्कळ आज्या 'पोरांना उगाच घोर नको' म्हणून पडल्याचे लपवितात.