लष्करी उपग्रहांचे वजन आणि रॉकेटची मर्यादा

२ नोव्हेंबर २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या सीएमएस-०३ चे वजन ४,४१० किलो. भारतीय भूमीवरून भूस्थिर कक्षेकडे निघालेला हा सर्वांत जड दळणवळण उपग्रह आणि तो नौदलाचा आहे. नौदलाचाच आधीचा जीसॅट-७, म्हणजे 'रुक्मिणी', २,६५० किलोचा होता. १२ वर्षांत वाढ ६६ टक्के.

वजन का वाढते, याचा हिशेब यवतमाळहूनही मांडता येतो. रुक्मिणीची जागा ७४ अंश पूर्व रेखांशावरची: यवतमाळपासून सुमारे ३६,२७० किमी, क्षितिजापासून ६६ अंश वर. संदेश वर जाऊन परत यायला ०.२४ सेकंद लागतो. एवढ्या उंचीवरून पडणारा झोत जमिनीवर शेकडो किमी पसरतो. त्या पट्ट्यात बसून शत्रू ऐकू शकतो आणि तिथूनच उपग्रहाकडे गोंगाट सोडून संदेश बुडवूही शकतो. कूटलिपी ऐकणाऱ्याला अडवते, गोंगाट करणाऱ्याला नाही. त्यासाठी अरुंद झोत, क्षणोक्षणी बदलणारी वारंवारता आणि अधिक शक्ती हवी. म्हणजेच मोठे अँटेना, मोठे सौरपंख. सुरक्षितता अशी किलोत मोजावी लागते.

किलो महाग पडतात. २०१३ मध्ये रुक्मिणी फ्रेंच गयानातून एरियन-५ ने गेली. उपग्रहाला १८५ कोटी लागले, प्रक्षेपण आणि विम्याला ४७० कोटी: मालाच्या अडीचपट भाडे. २०१४ च्या सरावात तिने सुमारे ६० जहाजे आणि ७५ विमाने जोडली.

सीएमएस-०३ आपल्याच एलव्हीएम-३ ने गेला, पण या रॉकेटची नेहमीची क्षमता ४,००० किलो. वरचे १० टक्के बसवण्यासाठी कक्षेचे दूरचे टोक नेहमीच्या सुमारे ३६,००० ऐवजी २९,९७० किमीवर ठेवले. उरलेली चढण उपग्रहाने स्वतःच्या इंधनावर चढायची.

ही युक्ती ५ टनांना पुरणारी नाही. भूदलाचा जीसॅट-७बी त्याच गटातला आहे. मार्च २०२३ चा करार २,९६३ कोटींचा, सीएमएस-०३ च्या १,५८९ कोटींहून ८६ टक्के जास्त. एलव्हीएम-३ ची क्षमता ५,१०० किलोवर नेण्याचे काम इस्रोने हाती घेतले आहे. ते लांबले तर परदेशी रॉकेट उरते. ४,७०० किलोचा नागरी जीसॅट-एन२ नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरिडाहून फाल्कन-९ ने गेला, तसे.

तिन्ही दलांत मनुष्यबळ सर्वाधिक भूदलाकडे, स्वतःचा दळणवळण उपग्रह मात्र शून्य. हवाई दलाचा जीसॅट-७ए डिसेंबर २०१८ चा, आयुष्य ८ वर्षांचे धरलेले. सीएमएस-०३ चा करार २०१९ चा होता, उड्डाणाला ६ वर्षे लागली. जीसॅट-७बी ला तोच वेग लावला, तर साल येते २०२९.