कथलाचा शिपाई आणि कागदाची नर्तकी

कथलाच्या एका जुन्या चमच्यातून पंचवीस शिपाई ओतले गेले. शेवटच्याला कथील पुरलं नाही, म्हणून तो एकाच पायाचा झाला. ज्या टेबलावर त्याला ठेवलं, तिथे पुठ्ठ्याचा एक महाल होता आणि महालाच्या दारात कागदाची नर्तकी उभी होती. नाचाच्या पवित्र्यात तिने एक पाय इतका उंच नेला होता, की शिपायाला तो दिसेचना. त्याला वाटलं, हीसुद्धा माझ्यासारखी एका पायाची. बायको करावी तर हिलाच.

हान्स ख्रिश्चन अँडरसनची ही कथा १८३८ सालची. माणूस प्रेमात कसा पडतो, हे इतक्या थोडक्यात सांगणारी दुसरी गोष्ट मला ठाऊक नाही. समोरच्यात आपल्याला आपलंच उणेपण दिसतं आणि जीव जडतो. शिपायाने केलेली तुलना साफ चुकीची आहे, तिला दोन्ही पाय आहेत. पण त्या चुकीतून जन्मलेलं प्रेम मात्र खोटं ठरत नाही. तो खिडकीतून खाली पडतो, कागदाच्या होडीतून गटारात वाहत जातो, माशाच्या पोटात जातो आणि पुन्हा त्याच घरात येतो. एक मुलगा त्याला उगाचच शेगडीत टाकतो. तेवढ्यात दार उघडतं, वाऱ्याच्या झोताने नर्तकीही उडून आगीत पडते. दुसऱ्या दिवशी राखेत सापडतो कथलाचा बदामाच्या आकाराचा गोळा आणि तिच्या पोशाखावरची टिकली, जळून काळी पडलेली. साऱ्या कथेत तो तिच्याशी एक शब्दही बोलत नाही.

शाळेत आपण उपमा आणि रूपक हे भाषेचे अलंकार म्हणून शिकतो. अँडरसनकडे ते दागिने नाहीत, तो कथेचा कणा आहे. प्रेमात पावलापावलाला काटे रुततात, असं कवी म्हणतो आणि आपण मान डोलावतो. अँडरसनची जलपरी खरोखरच तशी चालते. १८३७ साली आलेल्या ‘छोटी जलपरी’त तिला माणसाचे पाय मिळतात, पण प्रत्येक पाऊल धारदार सुरीवर पडल्यासारखं दुखतं. पायांच्या बदल्यात समुद्रातली चेटकीण तिची जीभ कापून घेते. सगळ्यांत गोड आवाज तिचा, आणि ज्या राजपुत्रासाठी तो दिला त्याला बुडताना मीच वाचवलं, एवढंही तिला सांगता येत नाही. राजपुत्र तिचे लाड करतो, आपल्या दाराबाहेर मखमली उशीवर तिला झोपू देतो, तिच्यासमोर मनातलं बोलतो, आणि लग्न मात्र जिने आपल्याला वाचवलं असं त्याला वाटतं त्या राजकन्येशी करतो. इथेही ओळखण्यात चूक झाली, पण या वेळी प्रेम करणाऱ्याची नव्हे, ज्याच्यावर प्रेम केलं त्याची.

हे मुकेपण आलं कुठून? अँडरसनचा जन्म १८०५ साली डेन्मार्कच्या ओडेन्स गावी झाला. बाप चांभार, आई लोकांचे कपडे धुणारी. चौदाव्या वर्षी तो एकटाच कोपनहेगनला गेला. तिथे योनास कोलिन या वजनदार अधिकाऱ्याने त्याच्या शिक्षणाची सोय केली. कोलिन यांचा मुलगा एडवर्ड याच्यावर अँडरसनचा विलक्षण जीव होता, अँडरसनची पत्रं त्याची साक्ष देतात. त्या प्रेमाला आपण प्रतिसाद देऊ शकलो नाही, असं एडवर्डने पुढे स्वतःच लिहून ठेवलं. १८३६ साली एडवर्डचं लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी जलपरी छापून आली. कथा म्हणजे आयुष्याची नक्कल असं मी म्हणणार नाही. पण जीभ कापल्याची कल्पना सुचायला तशीच वेदना भोगलेली असावी लागते.

त्याआधी, १८३० साली, तो रीबोर्ग व्होइग्ट या तरुणीच्या प्रेमात पडला होता. तिचं लग्न दुसऱ्याशी ठरलेलं होतं, ते झालंही. १८७५ साली अँडरसन वारला, तेव्हा त्याच्या छातीवर चामड्याची एक छोटी पिशवी सापडली. तिच्यात रीबोर्गचं जुनं पत्र होतं.

ही पिशवी मनात ठेवून भोवरा आणि चेंडूची गोष्ट वाचावी. ती १८४३ सालची, रीबोर्गशी त्याची अनेक वर्षांनी पुन्हा भेट झाली त्या काळातली. महोगनी लाकडाचा भोवरा चामड्याच्या चेंडूला मागणी घालतो. चेंडू मोठ्या तोऱ्यात सांगते, माझं एका पाकोळीशी जवळजवळ ठरलंय. मग एके दिवशी ती उंच उडते आणि नाहीशी होते. भोवरा झुरतो, ती दिसत नाही तसतशी मनात अधिकच सुंदर होत जाते. वर्षांनंतर सोनेरी रंग चढलेला भोवरा उडून कचऱ्यात पडतो आणि तिथे त्याला सुरकुतलेल्या सफरचंदासारखं काहीतरी दिसतं. तीच ती, पाच वर्षं पन्हाळीत भिजलेली. मोलकरीण भोवऱ्याला उचलून घरात नेते. तो पुन्हा तिचं नावही काढत नाही. मला ही अँडरसनची सगळ्यांत कठोर प्रेमकथा वाटते, आणि सगळ्यांत प्रामाणिकही. विरहात वाढलेलं प्रेम प्रत्यक्ष भेटीत टिकत नाही, हे कबूल करायला धैर्य लागतं. आणि तरी पत्राची पिशवी छातीवर राहिलीच.

‘हिमराणी’ (१८४४) वाचताना मात्र दिलासा मिळतो. सैतानी आरशाचं एक कुसळ काई नावाच्या मुलाच्या डोळ्यात जातं, एक काळजात. काळीज बर्फाचं होतं, गुलाब त्याला किडके दिसू लागतात. त्याची मैत्रीण गेर्डा जग पालथं घालून त्याला शोधते, आणि तिच्या कढत आसवांनी तो बर्फ वितळतो. एवढ्या कथांत जिथे प्रेम सफळ होतं तिथे ते मागणी घालणारं नाही, शोधत जाणारं आहे, हे लक्षात घ्यावं.

डिस्नेने १९८९ साली जलपरीचं लग्न लावून दिलं. चित्रपट गोड आहे, पण मूळ कथेत ती सुरी हातात असूनही स्वतःचा जीव वाचवण्यासाठी राजपुत्राला मारत नाही आणि समुद्राचा फेस होते, हवेच्या कन्या तिला आपल्यात घेतात. हा शेवट काढला की त्या सुऱ्यांवरच्या चालण्याला अर्थच उरत नाही. सुमती पायगावकरांनी अँडरसनच्या परीकथा मराठीत आणल्या आहेत. वाचनालयात मिळाल्या तर मुलांना वाचून दाखवाच, आणि मुलं झोपल्यावर एखादी स्वतःसाठीही वाचा. कृपा करून शेवट मात्र बदलू नका.