शिध्याच्या पिशवीसोबत एक अर्जही

रमजानचा दुसरा आठवडा लागला की जुन्या पेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या दारात पिशव्या येऊ लागतात. पीठ, तेल, साखर, डाळ, शेवया, खजूर. कुणी जकातीचे पाकीट मुलाच्या हातात देऊन निघून जाते. तीन वर्षांपूर्वी हमाली करणारा नवरा एका रात्री घरीच वारला, तेव्हापासून दोन मुलांचा संसार त्या बाईच्या शिलाई मशीनवर चालतो. रमजानचा शिधा बकरी ईदपर्यंत कसाबसा पुरतो. पुढचे महिने तिचे तिलाच ठाऊक.

ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेइतकी संपत्ती वर्षभर शिल्लक राहते, त्या मुसलमानाने तिच्यातला अडीच टक्के वाटा काढणे म्हणजे जकात. लाखाला अडीच हजार. कुराणात जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत आणि त्यात गोरगरीब सर्वांत आधी येतात. देणाऱ्याने उपकाराचा भाव ठेवू नये, कारण तो वाटा घेणाऱ्याचाच आहे, असे दर रमजानला सांगितले जाते. पण त्याच बाईचा आणखी एक हक्क तहसील कार्यालयात पडून असतो. तो मिळवून देणे कुणाच्या ध्यानात येत नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता आणि गंभीर आजाराने ग्रासलेल्या निराधारांना महिन्याला १,५०० रुपये, तर दिव्यांगांना २,५०० रुपये मिळतात. वयाची ६५ वर्षे झाली की श्रावणबाळ योजना लागू होते. निराधार योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. या बाईची शिलाईची कमाई त्या मर्यादेच्याही खाली होती. तरीही अर्ज करायला तीन वर्षे लागली.

पहिली अडचण मृत्यूच्या दाखल्याची. पती वारल्यावर मुस्लिम स्त्री चार महिने दहा दिवस इद्दत पाळते, त्या काळात ती सहसा घराबाहेर पडत नाही. मृत्यूची नोंद मात्र २१ दिवसांत करायची असते. पुढे विलंब शुल्क आणि परवानगी लागते, वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. कबरस्तानच्या वहीत नाव चढले म्हणजे नोंद झाली, असे घरात सगळ्यांनी धरले होते. वास्तविक ही नोंद दीर, भाचा, शेजारी कुणीही करून देऊ शकला असता. त्यासाठी तिला उंबरा ओलांडावा लागला नसता.

दुसरी अडचण नावाची. रेशनकार्डावर नावापुढे ‘बी’, आधार कार्डावर ‘शेख’ सुरुवातीला, बँकेच्या पासबुकात तेच शेवटी. निकाहनामा उर्दूत आणि त्यावर वडिलांचे नाव. टेबलापलीकडच्या कारकुनाला या चार बायका वाटल्या, तर त्यात नवल नाही. माहेरच्या आणि सासरच्या नावांच्या घोळात अडकलेल्या हिंदू भगिनींनाही हा फेरा चुकलेला नाही. कार्यालयाबाहेरच्या एका दलालाने हे सगळे ‘जमवून’ देण्याचे दोन हजार मागितले आणि शिलाईचे उत्पन्न दाखवूच नका, असा सल्लाही दिला. रोजाच्या तोंडाने खोटे लिहायला ती तयार झाली नाही. ती परत आली आणि तो विषय तिने सोडून दिला.

तो पुन्हा काढला गल्लीतल्या अंगणवाडी ताईंनी. “भाभी, पिशवी संपते. हे एकदा मंजूर झालं की दर महिन्याला येईल.”

“ताई, लोकांची जकात घेते तेवढं पुरे. सरकारची खैरात नको.”

“खैरात कसली? तुमच्यासाठीच ठेवलेले पैसे आहेत. आणि खरं उत्पन्न लिहिलं तरी बसतंय.”

ताईंच्या ओळखीच्या एका शिक्षकाने निकाहनाम्याचे मराठी भाषांतर करून दिले. नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र झाले. पाच खेपा झाल्या. अर्जाची पोच तारखेसह हातात आली.

आजारपणातही हेच घडते. शुक्रवारच्या नमाजनंतर कुणाच्या शस्त्रक्रियेसाठी रुमाल पसरला जातो आणि लोक मनापासून देतात. पण ती शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे आधी विचारले जात नाही. या योजनेत रेशनकार्डधारक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार यादीतल्या रुग्णालयात विनामूल्य मिळतात, आणि तिथल्या आरोग्यमित्राचे कामच मार्ग दाखवण्याचे आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. क्षयरुग्णाला उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात.

दाखल्यासाठी कुणी ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणत राहिले, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हाताशी आहे. त्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे आणि ती टळल्यास अपील करता येते. म्हणून पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

या बाईचा अर्ज आता मंजूर झाला आहे. पहिला हप्ता ईदच्या आधी येईल की नंतर, हे तिला माहीत नाही. मोबाइलवर संदेशाचा आवाज झाला की ती मशीन थांबवून पाहते. तोवर पिशव्यांचा आधार आहेच.

यंदा पिशवी घेऊन जाणाऱ्याने दारातून परत फिरू नये. दहा मिनिटे बसावे. मृत्यूची नोंद झाली का, चारही कागदांवर नाव एकच आहे का, पगार चालू झाली का, एवढे विचारावे. एखादा कागद कमी असेल तर ईदनंतर कार्यालय उघडेल त्या दिवशी तिच्यासोबत जावे. दिवाळीचा फराळ घेऊन जाणाऱ्यांनाही हे करता येईल.